हरेश्वरची पकड

हरेश्वरचं नाव पेपरात एकदाच आलं, आणि तेही 'हरिश्चंद्र' असं छापलं होतं. तीन वर्षं तो आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. त्या तीन वर्षांत आम्ही जिंकलेल्या प्रत्येक सामन्याची बातमी वीरेंद्रच्या चढायांनी सुरू व्हायची आणि त्यांच्यावरच संपायची. बातमी लिहिणारे डोळे घरी ठेवून येतात का, असं मी चारचौघांत विचारायचो. मी कप्तान होतो, मला विचारायचा हक्क होता.

हरेश्वर वरळी कोळीवाड्यातला. अंगानं आडवा, चालायला संथ आणि बोलायला त्याहून संथ. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. चढाईला पाठवला तर दम संपेपर्यंत फिरून कुणालाही न शिवता परत यायचा. मी ओरडलो की म्हणायचा, "त्याला वीरेंद्र हाय ना."

पण पकडीत त्याला तोड नव्हती. कबड्डीत शेजारशेजारचे गडी हात धरून साखळी करतात, आणि चढाईला आलेला भिडू जोर लावून ती तोडून निसटतो. बोटांत बोटं असतात, घामानं सुटतात. हरेश्वर बोटं धरतच नसे. तो शेजाऱ्याचं मनगट धरायचा. हे त्याला बापानं, विठोबानं, होडीवर शिकवलेलं. पाण्यात पडलेल्याचा हात धरलास तर निसटेल, मनगट धर. तो हिसके देईल तेव्हा आणखी घट्ट धर, बुडणाऱ्याला आपलं भलं कळत नसतं. ती साखळी तीन वर्षांत एकदाही तुटली नाही. मी मोजदाद ठेवली होती असं नाही, पण तुटली असती तर मला आठवलं असतं.

ते शेजारचं मनगट असायचं वीरेंद्रचं. हा गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घरातला, गोरागोमटा. त्याच्या वडिलांना, अप्पांना, कबड्डी हा मवाल्यांचा खेळ वाटे. म्हणून हा पठ्ठ्या शिवाजी पार्कला क्रिकेटच्या नेटला जातो असं सांगून बॅट काखोटीला मारून निघायचा. सामना संपला की मनगटावर चार बोटांचे निळे वळ उमटलेले असायचे. आम्ही त्याला 'हरेश्वरचा शिक्का' म्हणायचो. घरी जाताना वीरेंद्र न विसरता शर्टाच्या लांब बाह्यांची बटणं लावायचा.

पंचावन्नच्या डिसेंबरात विद्यापीठाच्या संघात दोघांची निवड झाली. निवड करणाऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, चढाईवाले पुष्कळ मिळतात, असा कोपरा मिळत नाही. मी ते जसंच्या तसं हरेश्वरला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, वीरेंद्र बाजूला असेल ना?

आणि जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं. शहर पेटलं. आमच्या कॉलेजच्या पोरांनी गिरगावात मोर्चा काढायचं ठरवलं. पुढची रांग आपल्या संघाची, असं मी सांगितलं. साखळी धरा, कुणी घुसता कामा नये. हे मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

नाक्यावर पोलीस उभे होते. आधी अश्रुधूर आला. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं आणि पाठोपाठ पहिला बार ऐकू आला. मी हातातला हात सोडला आणि गल्लीत पळालो. कप्तान सगळ्यांत आधी पळाला. गल्लीच्या तोंडाशी थांबून मागे पाहिलं तर रस्ता रिकामा होत होता आणि मधोमध हे दोघे उभे होते. हरेश्वरचे डोळे गच्च मिटलेले. वीरेंद्र जीव खाऊन हिसके देत होता. जितके हिसके, तितकी पकड घट्ट.

"सोड, हरेश्वर, सोड," मला स्वच्छ ऐकू आलं.

गोळी वीरेंद्रच्या पोटात लागली. तो खाली बसला, तरी मनगट सुटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात तो गेला. त्याच्या आईनं, सुमतीमावशींनी, चादर सारून त्याचा हात हातात घेतला आणि वळ पाहिले. इतकी वर्षं त्यांनी ते कधी पाहिलेच नव्हते. कुठल्या मेल्या पोलिसानं याला असं धरलं, असं त्यांनी विचारलं. आम्ही पाच-सहा जण उभे होतो. सगळ्यांनी शिक्का ओळखला आणि सगळे फरशीकडे पाहू लागले.

"मी धरलं होतं, मावशी," हरेश्वर म्हणाला.

मावशींनी त्याचा पंजा ओढून त्या वळांवर ठेवला. बोटं बरोबर बसली. मग त्या पंज्यावर कपाळ टेकून रडल्या. माझा मुलगा एकटा नव्हता, म्हणाल्या, तू त्याला सोडलं नाहीस.

"तो सोड म्हणत होता."

"म्हणणारच. तू तरी वाचावंस म्हणून. असाच होता तो."

हरेश्वरनं वळून माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते त्याच्याशिवाय मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलं नाही.

तो पुन्हा मैदानात उतरला नाही. होडीवरही गेला नाही, माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणाला. गोदीत कारकुनी धरली. मावशी दर जानेवारीत आम्हा दोघांना जेवायला बोलवत आणि येईल त्याला सांगत, हाच तो हरेश्वर, यानंच शेवटपर्यंत धरून ठेवलं. पहिल्या वर्षी त्यानं पुन्हा सांगून पाहिलं. मावशींनी त्याच्या पानात सुरमईची तुकडी वाढली आणि, उगाच स्वतःला लावून घेऊ नकोस, म्हणाल्या. नंतर तो नुसता जेवायचा.

साठच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. रोषणाई बघायला खाली उतरायचं म्हणून मावशींनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. अप्पा आले नाहीत. जिन्याच्या पहिल्या पायरीवर मावशींनी हरेश्वरकडे हात केला. त्यानं तो बोटांच्या टोकांनी धरला. पाय घसरला तसा हात निसटला, कठडा होता म्हणून मावशी सावरल्या.

"अरे, नीट धर ना," त्या हसून म्हणाल्या. "तूच असं धरायला लागलास तर झालं!"

हरेश्वरनं दोन्ही हात मागे घेतले आणि माझ्याकडे पाहिलं. मावशींना खाली मीच घेऊन गेलो.