तुळशीराम आबांची लाईन चालूच होती

तुळशीराम बागूल, गाव शिंदखेडा तालुक्यातलं, काम ट्रक ड्रायव्हर, वय सत्तरीच्या आसपास. गेल्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी सकाळी हे धुळ्याच्या एका कारखान्याच्या गेटसमोर, ट्रकच्या केबिनमध्ये वारले... आणि संध्याकाळी उन्हं कलेपर्यंत ते कुणाला कळलंसुद्धा नाही. गेटवर वॉचमन होता. पुढे-मागे गाड्या उभ्या होत्या. समोर चहाची टपरी होती आणि दिवसभर तिथे गर्दी होती.

हे आधी सांगितलं, कारण या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. त्यात मेलेल्या माणसाचं नाव कुणी नीट देत नाही. "एक बाई", "एक म्हातारा", झालं काम. इथे नाव आहे. ते लक्षात ठेवा आणि मग पुढचं वाचा.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नव्हता म्हणजे अगदी भांडण्याइतका नव्हता. आमचं घर बौद्ध, जळगावात पिंप्राळ्याला. लहानपणी आम्ही भावंडांनी भुताचा विषय काढला की आई म्हणायची, "भुताला सकाळी कामावर जायचं नसतं. ज्यांना शाळेत जायचंय त्यांनी झोपा." कॉलेजपासून मी वाहतूक कामगारांच्या एका छोट्या संघटनेत आहे. पत्रकं लिहायची, छापून आणायची, उभ्या गाड्यांपाशी जाऊन वाटायची. बुवाबाजीविरुद्धही एक पत्रक लिहिलंय मी. त्यामुळे हे लिहिणं मला जड जातंय. पण जे ऐकलं ते ऐकलं.

माझे मोठे मामा, सुकदेव, अमळनेरकडचे. पासष्टी कधीच ओलांडली, अजून ट्रक चालवतात. जळगावच्या मिलमधून डाळ भरायची आणि धुळे, मालेगाव, कधी पार सुरत. लोक मला विचारतात, या वयात रिटायर का होत नाहीत ते? कशातून होणार? रिटायर व्हायला आधी कुणीतरी नोकरीवर घ्यावं लागतं. अख्खी उमर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, पण एकाही मालकाच्या कागदावर मामा कामगार नाहीत. तरुण पोरं या धंद्यात येईनात, म्हणून मालक म्हाताऱ्यांना सोडत नाहीत. वर क्लीनर परवडत नाही म्हणून तोही काढून टाकला. आता केबिनमध्ये एकटा माणूस. मोतीबिंदू काढलेले डोळे, सुजलेले पाय, आणि बोलायला कुणी नाही.

तुळशीराम आबा हे मामांचे जुने जोडीदार. एकेकाळी दोघं एकाच गाडीवर होते, एक चालवायचा तेव्हा दुसरा मागे झोपायचा. पुढे मालकाने दोघांना वेगवेगळ्या गाड्या दिल्या. तेव्हापासून त्यांनी एक सोय करून घेतली. सकाळी गाडी सुरू केली की एकाने दुसऱ्याला फोन लावायचा — आणि ठेवायचाच नाही. कट झाला तर परत लावायचा. एक नागपूरच्या रस्त्याला, दुसरा गुजरातच्या, आणि दिवसभर लाईन चालू. बोलणं थोडंच. खोकला, हॉर्न, टोलनाक्यावरची हुज्जत, चहात बुडवलेल्या टोस्टचा आवाज.

मी एकदा विचारलं होतं, "मामा, बोलत तर काहीच नाही तुम्ही. मग फोन कशाला?"

"बोलासाठे नही वं माय," मामा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, त्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात. "तो शे, इतलं समजनं म्हंजे झायं."

त्या दिवशी मला धुळ्याला बैठकीला जायचं होतं. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी मामांच्याच गाडीत निघाले. उजाडत होतं, मिलमध्ये डाळीची पोती अजून चढत होती, तेव्हाच मामांनी फोन लावून समोर अडकवला. मी सोबत होते म्हणून त्यांनी स्पीकर चालू केला. आबा रात्रीच धुळ्याला पोचले होते, कारखान्याच्या गेटवर माल उतरवायला थांबलेले.

"कोन शे रे सोबत?" आबांनी विचारलं.

"भाची शे. सुजाता."

"पुढारीन का? मंग गाडीले झेंडा लाव ना आज."

मी म्हटलं, "आबा, आत घेतलं का गाडीला?"

"नही माय. वॉचमन म्हनस, साहेब ऊना म्हंजे घेसूत. साहेब काय ऊना नही." म्हणजे साहेब अजून आलेच नव्हते. मग म्हणाले, "छातीमा जड लागी राहिनं रे सुकदेव. रातले भरीत खादं, तेनंच व्हई."

"या वयमा भरीत खावाले कोनी सांगेल व्हतं तुले?"

"मंग काय तुनं डोकं खाऊ?"

मामा हसले. "उतर, चहा पी ले टपरीवर."

"उतराना कटाळा यी राहिना... पडस जरासा. फोन राहू दे."

एवढं बोलणं झालं. पोती चढून व्हायला ऊन वर आलं, मग आम्ही निघालो. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. फोनमधून केबिनच्या छोट्या पंख्याची घरघर येत होती, मध्येच लांबचा हॉर्न. मी काही बोलायला गेले की मामा बोट ओठावर ठेवायचे. झोपलाय, झोपू दे.

पारोळ्याच्या ढाब्यावर शेवभाजी-भाकरी खाल्ली. मामांनी फोन बाहेर काढून ताटाजवळ ठेवला, म्हणाले, "तुळशा, जेवी राहिनूत." उत्तर नाही. पंख्याची घरघर तेवढी.

पारोळा सोडल्यावर ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसायला लागला. पोटात अन्न, इंजिनचा एकसुरी आवाज. मी दाराला डोकं टेकलं आणि मला झोप लागली. मला. मी सोबत होते, जागी राहायला हवी होती. पण स्टिअरिंगवर मामांचाही डोळा लागला, तो का लागला, ते मी पुढे कुणाकुणाला विचारणार आहेच. आदल्या दिवशी सुरतहून येऊन लगेच डाळ भरायला पाठवलेला म्हातारा माणूस आणखी काय करेल?

"सुकदेव. डोया उघाड."

मोठ्याने नाही. शेजारच्या बाजेवरून कुणी हाक मारावी तसं. मीही त्यानेच जागी झाले. समोर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरलेली ट्रॉली, पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी, अर्धी रस्त्यावर. तिच्या सावलीत माणसं बसलेली. मामांची हनुवटी छातीवर होती, ती वर आली, आणि त्यांनी जो ब्रेक मारला... गाडी थांबली तेव्हा पऱ्हाट्यांची टोकं आमच्या काचेला लागत होती.

सावलीतून एक बाई उठून आली. "डोयामा माती गई का रे तुन्या? माणसं दिसतीन नही का?" पुढे बरंच बोलली. बोलता बोलता तिने मामांकडे नीट पाहिलं, आणि मग पाण्याची कॅन घेऊन आली. मामांनी तोंड धुतलं. केबिनमध्ये चढून फोनकडे वाकून म्हणाले, "तुळशा, तुले कसं समजनं रे?"

"घोरी राहिंता तू," फोनमधून आबा म्हणाले.

"छाती कशी शे आते?"

"आते काहीच दुखत नही. दम खाईसन ये. मी आठेच शे." इथेच आहे, म्हणाले.

मी तेव्हा हसले होते. कारण त्यात विचित्र काही नव्हतंच. लाईन चालू, मामांचं घोरणं पलीकडे ऐकू गेलं, दोस्ताने उठवलं. मनात म्हटलं, संघटनेने जे करायला हवं ते या दोन म्हाताऱ्यांनी फोनच्या पॅकवर करून ठेवलंय. आता यावर एक पत्रक लिहायचं.

धुळ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, गेटसमोर गर्दी होती आणि पोलिसांची गाडी. आबांचा नंबर लागला होता. गाडी पुढे घे म्हणून मागच्यांनी हॉर्न मारले, गाडी हलेना, म्हणून एक ड्रायव्हर शिव्या देत पायरीवर चढला. म्हणजे बघा, रांग अडली म्हणून ते सापडले. रांग अडली नसती तर रात्रही तिथेच काढली असती त्यांनी. दारं आतून बंद, काचा वर. बाजूची काच फोडून दार उघडलं होतं. पंखा चालू होता. फोन उशीजवळ पडलेला, बॅटरी संपून बंद. मामांच्या फोनवरचा कॉलही संपला होता. कधी संपला, ते आम्ही पाहिलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची, डोळ्यांखाली काळं झालेली. म्हणाली, "सकाळीच गेलेत. अंग पूर्ण ताठलंय."

मी म्हटलं, "मॅडम, दुपारी बोललो आम्ही त्यांच्याशी."

तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "ताई, दुपारी नाही बोललात. घरी जा, झोपा जरा."

हवालदार जबाब घ्यायला बाकावर बसला. "बाबा, शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?"

"पारोळाना पुढे," मामा म्हणाले. "जेवन व्हयनं त्यानंतर."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मयत सकाळी मयत झालाय. तो दुपारी बोलला असं लिहिलं तर साहेब मलाच डॉक्टरला दाखवतील."

"मंग नका लिखू भाऊ. पन मी खोटं सांगाव नही."

हवालदाराने शेवटी लिहिलं, की सकाळी फोनवर संभाषण झाले, त्यानंतर फोन चालू होता. ते खोटं नव्हतं. मामांनी सही केली.

मी डोकं लावून पाहिलं, आजही लावते. झोपेत भास झाला म्हणावं तर दोघांना एकच भास कसा? आणि पुढचं बोलणं तर दोघं टक्क जागे असताना झालं. दुसरा कुणी बोलला म्हणावं तर केबिन आतून बंद. मोबाईल दुरुस्तीवाल्याला मामांचा फोन दाखवला. सकाळपासून दुपारनंतरपर्यंत एकच लांबलचक कॉल, मध्ये कट नाही. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सिम बदलून घ्या." एवढंच त्याचं शास्त्र, आणि माझंही त्याच्या पुढे गेलेलं नाही.

होळीच्या दिवशी आम्ही शिंदखेड्याकडे त्यांच्या गावी गेलो. आबांच्या बायकोला सगळे अक्का म्हणतात. ओसरीला टेकून बसल्या होत्या. मामांना म्हणाल्या, "दिनभर एकलाच पडेल व्हता का तो?"

मामा म्हणाले, "नही अक्का. मी व्हतू ना लाईनवर. बोलनूत आम्ही. तेनीच माले जागं करं."

अक्कांनी विचारलं, "काय बोलना?"

"छाती दुखत नही म्हने."

"मंग बरं," अक्का म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं.

मी बाजूला उभी होते. मला कळत होतं की हे बाहेर गेलं तर काय होणार. आणि तेच झालं. आम्ही मागणी केली होती ती साधी — आमच्या गेटवर माणूस दिवसभर मरून पडला होता हे कारखान्याने लेखी कबूल करावं, आणि थांबलेल्या ड्रायव्हरांची विचारपूस करायला गेटवर माणूस ठेवावा. कारखान्याच्या साहेबाने उत्तर दिलं, "दुपारपर्यंत बोलत होते ना? त्यांचाच दोस्त सांगत फिरतोय. मग दिवसभर मेलेले कसे?" संघटनेतले लोक मला म्हणाले, सुजाता, मामांना गप्प कर, आणि तू तर चुकूनही कुठे लिहू नको. आपली बाजू पडेल.

मी मामांना गप्प केलं नाही. अक्कांपाशी जे सांगितलं ते गेटवर नाकारायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. आणि आता मी लिहितेय. साहेबांनी हे कात्रण काढून खुशाल फाईलला लावावं. फक्त पूर्ण वाचावं. आबा सकाळी गेले असतील, तर तुमच्या गेटसमोर एक प्रेत दिवसभर उन्हात होतं आणि तुम्ही त्याला रांगेतला नंबर देत होतात. आबा दुपारपर्यंत जिवंत असतील, तर छातीत दुखणारा म्हातारा माणूस तासन् तास तुमच्या दारात पडून होता, त्याला ना सावली, ना पाणी, ना कुणी विचारलं. यातलं कुठलं कबूल करताय ते सांगा. आम्हाला दोन्ही चालेल.

मामा अजून गाडीवर आहेत. सोडा म्हटलं तर म्हणतात, "घरमा बसीसन काय करू?" आणि घर चालायलाही हवंच. आता त्यांची लाईन माझ्याकडे असते. मी पत्रकांच्या घड्या घालत असते आणि फोनमधून त्यांचा खोकला येतो. मला अजून तसं न बोलता बसता येत नाही, मी सारखी काहीतरी विचारते, आणि ते कंटाळून म्हणतात, "तू शे ना? बस मंग."

पारोळ्यापुढे त्या दुपारी कोण बोललं, मला माहीत नाही. आवाज आबांचा होता. एवढंच मी शपथेवर सांगू शकते. यापुढचं कुणाला कळलं असेल तर मला सांगा, पण मंत्र-ताईत सांगू नका.

आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुम्ही एक करा. रस्त्यात भर उन्हात काचा लावून उभा ट्रक दिसला, आत पिकल्या केसांचा माणूस आडवा दिसला, तर तुमची गाडी बाजूला घ्या. पायरीवर चढा. काच वाजवा, तो हलेपर्यंत वाजवा. झोपमोड झाली म्हणून शिवी देईल. ती ऐकून घ्या, आणि मग त्याला पाणी विचारा.