आक्कांनी पंधरा दिवस सुई सोडली

आक्का गेल्या तेव्हा आमच्या विमानाला अठरा दिवस राहिले होते.

आज त्याला वर्ष झालं. लिहीन लिहीन म्हणत होते, हात धजत नव्हता.

आक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, महादेवी. माहेर अक्कलकोटजवळचं. राग आला की कन्नड, एरवी आपली सोलापुरी.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या बोळात त्यांचं फॉल-पिकोचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि आक्का.

भाऊजी लवकर गेले. त्याच मशीनवर आक्कांनी बसवराजला, म्हणजे त्यांच्या मुलाला, इंजिनियर केलं.

एक दिवस सहज दुकानात गेले, तर टेबलावर टूरचं माहितीपत्रक. इंग्लंड आणि फ्रान्स. अकरा दिवस, ग्रुपबरोबर.

"कुणाचं हो हे, आक्का?"

"आपलं. तुजं पण नाव दिलंय."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"तीस वर्षं झाली, दुसऱ्यांच्या ट्रिपच्या साड्यांना फॉल लावायलेय. आता माज्या साडीला लावते आन जाते."

आमच्या ह्यांना विमानाचं नाव काढलं तरी घाम फुटतो. म्हणाले, "जा दोघी."

बसवराज मात्र हैदराबादहून रोज फोन करायचा. "आई, सहासष्ट वय आहे तुझं. गुडघे बघ. तिकडं काही झालं तर?"

"आन हितं झालं तर? हितं काय मी अमर हाय व्हय?"

फोन कट. पुन्हा मशीन सुरू.

टूरवाले म्हणाले, रोज सात-आठ किलोमीटर चालावं लागेल. दुसऱ्या दिवसापासून आक्का साडीवर स्पोर्ट्स शूज घालून तलावाच्या कडेनं चालायला लागल्या. मागे मी, धापा टाकत.

पहिल्या दिवशी मी कट्ट्यावर बसूनच घेतलं. त्यांच्याकडूनच शिकलेलं कन्नड त्यांना ऐकवलं, "साकु, आक्का. पुरे!"

"साकु न्हाय. ऊठ."

मग सरकत्या जिन्याची प्रॅक्टिस. मॉलमध्ये सात वेळा वर, सात वेळा खाली. शेवटी वॉचमननं विचारलं, "मावशी, काही हरवलंय का?"

"भीती हरवायलीय हिची," आक्का म्हणाल्या. मी लाजेनं मान खाली घातली.

व्हिसासाठी पुण्याला गेलो. तिथं बोटांचे ठसे घेतात. माझे आले. आक्कांचे येईनात.

काउंटरवरच्या मुलीनं बोटं पुसली, दाबली, पुन्हा पुन्हा मशीनवर ठेवली. काहीच नाही. तीस वर्षांच्या सुईनं आणि इस्त्रीनं बोटांच्या रेघाच पुसून टाकल्या होत्या.

मुलगी चांगली होती. म्हणाली, "आजी, काही दिवस कामाला हात लावू नका. तेल लावा. मग परत या."

परतीच्या बसमध्ये आक्का आपली बोटं निरखत बसल्या. मी मनात म्हटलं, संपलं. खरं सांगते, थोडं हायसंही वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या शटरवर कागद. 'पंधरा दिवस दुकान बंद राहील.'

हे दुकान बसवराजच्या लग्नातसुद्धा दोनच दिवस बंद होतं.

पंधरा दिवस त्या बाईनं सुई हातात धरली नाही. भांडी मी घासली. त्या ओट्याशी स्टुलावर बसून बोटांना खोबरेल चोळायच्या आणि मला हुकूम सोडायच्या. गिऱ्हाइकं घरी यायची, "आक्का, एवढी एकच साडी!"

"न्हाय. फ्रान्सहून आल्यावर."

सोळाव्या दिवशी पुन्हा पुणे. डावा हात झाला. उजव्या अंगठ्याला वेळ लागला. मग स्क्रीनवर हिरवी खूण आली, आणि आक्कांनी काउंटरवरून हात पुढे करून त्या मुलीच्या गालाला लावला.

दोन्ही देशांचे व्हिसा आले.

त्यानंतर आठच दिवसांनी आक्का दुपारी जेवून आडव्या झाल्या. चहाला उठवायला गेले, तर उठल्याच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. त्रास झाला नसेल.

पाहुणे पांगल्यावर मी टूरच्या ऑफिसला फोन लावला. कॅन्सल करते म्हणून सांगायला. बसवराज समोर बसला होता.

"काकू, फोन ठेवा."

मी ठेवला.

"चार महिने मी आईला नको नको म्हणत राहिलो. शेवटचं आमचं बोलणं तेवढंच झालं, काकू. दुसरं काहीच बोललो नाही मी तिच्याशी."

आणि तो एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा रडला.

आम्ही लिंगायत, आमच्यात सुतक पाळत नाहीत. पण लोकांना तोंडं असतातच. घरातलं माणूस गेलंय आणि ही फिरायला निघाली, असं माझ्या कानावर आलं. आमचे हेसुद्धा म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की."

मी म्हटलं, "नाही. ह्याच वर्षी."

लग्नाला छत्तीस वर्षं झाली. ह्यांना इतकं स्पष्ट मी पहिल्यांदाच बोलले असेन.

मी गेले.

लंडनला बसमध्ये शेजारची सीट रिकामी होती. पहिले दोन दिवस खिडकीबाहेर काय दिसलं, मला आठवत नाही.

पॅरिसला टॉवरच्या रांगेत ग्रुपमधल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्याबरोबर कोण आहे?"

"मोठ्या जाऊबाई येणार होत्या. निघायच्या अठरा दिवस आधी वारल्या."

त्या गोंधळल्या. "अगं बाई. आणि तरी तुम्ही एकट्या आलात?"

"आले की."

वर गेले. वारा लई होता. पदर आवरत चारही बाजूंनी पॅरिस बघितलं. पुढचे सगळे दिवस सगळं बघितलं. एकही ठिकाण सोडलं नाही, एकदाही बसमध्ये बसून राहिले नाही.

आक्का, आपल्यातला नमस्कार, शरणु शरणार्थी.

तुमची,
शैला