नाव पुसलेली नळी

हॉटेलच्या स्वागतकक्षात उभे राहणाऱ्या माणसाला तोंडावर हसू ठेवावे लागते आणि पोटात इतरांची गुपिते. किल्लीताईंनी ही दोन्ही ओझी उभ्या आयुष्यात कधी जाणवू दिली नाहीत. पितळी बिल्ल्यांच्या किल्ल्या जाऊन प्लॅस्टिकची कार्डे आली, तरी त्यांचे हे नाव टिकले. नव्याने लागलेल्या पोरापोरींना त्याच काम शिकवीत. पहिला धडा असा, की किल्ली देताना आपला हात क्षणभर जरी थबकला, तरी ती द्यायची नाही. पाहुण्याला पुन्हा नाव विचारायचे. विचारण्यात कमीपणा नाही, परक्याच्या खोलीचे दार उघडून देण्यात आहे. दुसरा धडा तक्रारींचा. कोणी कितीही तावातावाने आले, तरी मंद हसून म्हणायचे, "आमच्याकडे असं होत नाही," आणि पाण्याचा ग्लास पुढे करायचा. हे वाक्य खरे आहे की खोटे, असे एका पोरीने विचारले होते. ताई म्हणाल्या, "ते दार आहे. सभ्यपणे लावून घ्यायचं."

नव्या मुलांच्या तोंडी 'ताई'ची 'मावशी' केव्हा झाली, हे त्यांना कळले नाही. कळले ते नव्या व्यवस्थापकामुळे. वयाने मुलासारखा असलेल्या त्या गृहस्थाने अत्यंत आदराने सुचवले, की मागच्या टेलिफोनच्या खोलीत खुर्ची आहे, पंखा आहे, तिथे मावशींना आराम पडेल. कार्यालयात आपल्या आरामाची काळजी दुसऱ्याने वाहू लागावी, यासारखे अशुभ लक्षण नाही.

घरी आल्यावर त्या बराच वेळ आरशासमोर उभ्या राहिल्या. यजमानांनी वर्तमानपत्राआडून शेरा मारला, "चेहरा तोच आहे गं. आरसा जुना झालाय." एरवी त्या हसल्या असत्या. आज त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

धाकटी या विषयातली जाणकार. तिने सविस्तर समजावले. दंडातून आपलेच रक्त काढतात, नळीत भरून यंत्रात गरगर फिरवतात. तांबडे खाली बसते, वर पिवळसर पाणी येते. त्यात रक्तातल्या प्लेटलेट असतात, जखम भरून काढणाऱ्या. तेच पाणी बारीक सुयांनी चेहऱ्यात परत सोडतात आणि कातडी पुन्हा टवटवीत होते. "बाहेरचं काहीच नाही गं, सगळं आपलंच," ती म्हणाली. ताईंना पटले ते एवढेच. शेजारणीकडून वाटीभर साखरही कधी मागून न आणलेली ही बाई. आपलेच आपल्याला परत मिळणार असेल, तर त्यात लाजण्यासारखे काय?

चिकित्सालय चकाचक होते, म्हणजे भिंती पांढऱ्या होत्या आणि आवाज हळू होते. त्या दिवशी गर्दी होती. ताईंच्या आधी चष्मा लावलेल्या एका बाईंचे रक्त काढले गेले, पाठोपाठ ताईंचे. तंत्रज्ञाने दोन्ही नळ्यांवर पेनाने नावे लिहिली. मग, स्वच्छतेचा कटाक्ष म्हणून, स्पिरिटच्या बोळ्याने दोन्ही नळ्या बाहेरून नीट पुसल्या. ताई खुर्चीवर आडव्या झाल्या होत्या, चेहऱ्याला बधिर करणारे मलम फासलेले, आणि काचेपलीकडचे यंत्र अगदी नजरेसमोर.

त्या यंत्रात वजन दोन्ही बाजूंना सारखे लागते, नाही तर ते थडथडते. एकच नळी असली, की समोर पाण्याने भरलेली नळी ठेवतात. सुरुवातीलाच त्याने तसे कौतुकाने सांगितले होते. आज दोन रुग्ण असल्यामुळे पाण्याची गरज उरली नाही. चष्मेवाल्या बाईंचे रक्त एका बाजूला, ताईंचे बरोबर समोर. यंत्र सुरळीत फिरले. थांबले. त्याने एकेका हाताने दोन्ही नळ्या एकदमच उचलल्या, उजेडात धरल्या, उलटसुलट फिरवून पाहिल्या. स्पिरिटने शाई कधीच नेली होती.

आणि त्याचा हात थबकला.

तो थबकणारा हात ताईंनी आयुष्यभर पाहिला होता, नव्या पोरांचा, किल्ल्यांच्या फळीसमोर. आता हा विचारील, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. त्याने विचारले नाही. एक नळी इकडच्या तबकात ठेवली, एक तिकडच्या, आणि निघून गेला.

डॉक्टरबाई आत आल्या तेव्हा ताईंनी बधिर ओठांनी कसेबसे म्हटले, "माझीच ना?"

"बोलू नका हं, सुई हलेल," डॉक्टरबाई प्रेमाने म्हणाल्या.

उठून बसता आले असते. हात धरता आला असता. परंतु दुसऱ्याच्या कामाच्या जागी त्याला चारचौघांत खजील करू नये, हे वळण इतक्या वर्षांत हाडीमासी खिळले होते. त्या पडून राहिल्या. सुया टोचत राहिल्या. दुखले काहीच नाही.

चेहरा ओठांसकट जागा झाल्यावर त्यांनी विचारले, व्यवस्थित, पहिल्यापासून. डॉक्टरबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग मंद हसल्या. "आमच्याकडे असं होत नाही," त्या म्हणाल्या, आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

ताईंनी तो ग्लास घेतला. हे वाक्य उच्चारणाऱ्याला आतून काय ठाऊक असते आणि काय ठाऊक करून घ्यायचे नसते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? पुढे त्यांनी रीतसर दाद मागितली. दुसऱ्या बाईंचे रक्त तपासा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल, एवढीच विनंती. उत्तर आले, की अन्य रुग्णाची माहिती देणे नियमात बसत नाही. माणसाच्या चेहऱ्यात परके रक्त सोडणे नियमात बसते की नाही, यावर उत्तरात मौन होते.

त्यांनी स्वतःचे रक्त तपासून घेतले. निष्पन्न काही झाले नाही. पण दुसऱ्याच्या रक्तातून काही आलेच असेल, तर ते इतक्यात दिसणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा या, असे तपासणाऱ्याने बजावले. घरी हे सांगितल्यावर यजमान म्हणाले, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात त्यांचा टॉवेल पलीकडच्या खुंटीवर गेलेला होता. ताईंनी पाहिले.

दरम्यान चेहरा उजळू लागला, हा सर्वांत मोठा अन्याय. डोळ्यांखालच्या सुरकुत्या विरल्या, गालांवर तुकतुकी आली. व्यवस्थापकाने टेलिफोनच्या खोलीचा विषय परत काढला नाही. एक नवा मुलगा चक्क 'ताई' म्हणून गेला. त्या हसल्या आणि लगेच रुमालाने गाल पुसू लागल्या.

दुसऱ्या खेपेची वेळ आली तेव्हा त्या सुया टोचून घ्यायला नव्हे, तर चष्मेवाल्या बाईंना गाठायला गेल्या. त्या भेटल्या. प्रतीक्षाकक्षात प्रसन्न बसल्या होत्या, त्यांचाही चेहरा छान उजळलेला. त्यांनीच आपणहून विचारले, "काय हो, फरक वाटतोय ना तुम्हाला?"

ताईंनी शेजारी बसून सगळे सांगितले. बाईंचा हात आपल्या गालाकडे गेला. इतके दिवस ताईंनी फक्त आपल्यात काय आले याचा विचार केला होता. आपले कुठे गेले, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

"म्हणजे तुमचं माझ्यात?" बाईंनी हळूच विचारले. "तुम्हाला काही नाही ना हो?"

"नाही हो. मी तपासून घेतलंय."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे सैल पडले.

"आणि तुम्हाला?" ताईंनी विचारले.

बाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला. पुन्हा लावला. "मला काय असणार?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात आतून त्यांना हाक आली. त्या उठल्या आणि मागे वळून न पाहता गेल्या.

ताई बसून राहिल्या. बाईंचे शब्द त्यांनी ऐकले होते. परंतु त्यांच्या डोळ्यांसमोर राहिला तो शब्दांच्या अगोदरचा क्षण, चष्म्याच्या काचेवर थबकलेला हात. अशा वेळी पुन्हा विचारायचे असते, हा त्यांचाच धडा. पण ज्यांना विचारायचे, त्या दाराआड गेल्या होत्या, आणि ते दार अगदी सभ्यपणे लागले होते.