सवतीशेजारची जागा

आमच्या यहूदाच्या डोंगरात मेलेल्या माणसाला घराण्याच्या गुहेत दगडी बाकावर निजवतात. मांस झडलं की हाडं गोळा करून बाकाखालच्या खड्ड्यात सोडायची, आज्या-पणज्यांच्या हाडांत. बाक पुढच्याला मोकळा. आपल्या माणसांत जाऊन पडणं, एवढंच माणसाला हवं असतं.

होगला म्हातारीलाही तेच हवं होतं. पण ती धाकटी बायको, पोटी लेकरू नाही. थोरली नारा तीस वर्षं जात्यावरून तिच्याशी भांडली आणि चार वर्षांमागं बाकावर जाऊन निजली. नवरा त्याआधीच खड्ड्यात पोचलेला.

नाराचा लेक हेस्रो. होगलानं त्याला विचारलं, "लेका, मला आत घेणार का शेतात पुरणार?"

"काय बोलतीस मावशे! द्राक्षं उतरू दे. हाडाला हात लावला की सात दिस विटाळ. मग करू बाक मोकळा."

द्राक्षं उतरली, जैतून झोडून झाले. हेस्रो हलेना. सवतीचं पोर कशाला जागा देतंय, असं म्हातारीनं मनाशी धरलं. शेवटी एका सकाळी तिनं त्याला अंगणात गाठलं.

"खरं सांग, देणार न्हाईस न्हवं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "आई हाय गं ती. माझ्यानं न्हाई उचलवायची."

"एवढंच व्हय! मुडद्या, आधी बोलायचंस की. चल, गुहेच्या तोंडचा धोंडा सरकव. तिचं-माझं मी बघते."

दिवा घेऊन ती आत गेली. हेस्रो लांब उभा. आतून आवाज येत होता, "सरक गं बये. जिती हुतीस तवा जात्यावरनं उठली न्हाईस, आता बघ कशी हलकी झालीस!" कवटी तिनं ओढणीनं पुसली. खड्ड्यात नवऱ्याची हाडं कुठली, सासऱ्याची कुठली, कळेना. तिनं नाराला मधोमध ठेवलं, वर तिच्याच गळ्यातली मण्यांची माळ सोडली.

मग स्वतः बाकावर आडवी झाली.

"हेस्रो, उशाचा खळगा मोठा हाय रे. तुझ्या आयचं डोस्कं लई दांडगं!"

"बारका करू, मावशे?"

"ऱ्हाऊ दे. पाठ बरी टेकती. खाली मेलेल्यांच्या शओलात म्हणं राजा काय नि भिकारी काय, समदी गप पडून असत्यात. नारा गप पडलीया, हे तेवढं मला बघायचंय."

विटाळाचे सात दिवस ती मळ्यातल्या राखणीच्या खोपीत राहिली. सून, हेस्रोची बायको, लांबूनच भाकरी नि सुकी अंजिरं ठेवून जायची. म्हातारी उन्हात पाय पसरून निवांत चघळायची.

सातव्या दिवशी न्हाऊन घरी आली आणि आल्या आल्या सुनेला म्हणाली, "ऊठ जात्यावरनं. जाडं काढतीस पीठ."