आमच्या पापडांनी खोडलेला सिद्धांत

एम.ए.च्या वर्गात सर रंगात आले की सांगायचे, "कारखाना आला, रेल्वे आली, की जात विरघळते. आधुनिक समाजाचा सिद्धांतच आहे तो." धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात मी ते मुकाट्यानं उतरवून घ्यायचे आणि मनात म्हणायचे, अहो सर, उन्हाळ्यात एकदा आमच्या भुसावळला या की!

बाबा रेल्वेत फिटर. आम्ही बौद्ध. कॉलनीत सगळ्यांची क्वार्टरं सारखी, भोंगाही एकच. शेजारणी आमच्याकडे चहा प्यायच्या, खोटं कशाला सांगू? पण एप्रिल लागला की पापड. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. सगळ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आमच्या दारावरूनच जायच्या. "तुम्हाला कशाला त्रास!" असं आईला म्हणायच्या. त्रास कसला डोंबलाचा! ओल्या पिठाला आईचा हात नको, एवढंच. आमचे पापड आम्ही दोघीच लाटायचो, आणि अख्ख्या कॉलनीत त्यांना तोड नव्हती, हेही सांगून ठेवते.

प्रबंधात मी तेच लिहिलं: चहात जात विरघळली, पापडात नाही. सर वैतागले. "पापडावर पदवी मिळत नाही, बाई. ते प्रकरण काढा, नाहीतर परीक्षक नापास करतील." आमच्या घराण्यात एवढं शिकलेली मी पहिलीच. घरी येऊन आईला सगळं वाचून दाखवलं. ती धरणगावकडची, चिडली की माहेरची बोली तोंडात यायची.

"खरं शे ना? मंग राहू दे. बठ्ठं राहू दे." बठ्ठं म्हणजे सगळं, पापडांसकट.

तोंडी परीक्षेला ती माझ्याबरोबर धुळ्याला आली, इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून, आणि बाहेर बाकावर बसली. आत परीक्षकांनी पानं उलटत विचारलं, "एवढा मोठा सिद्धांत तुम्ही एका घरच्या पापडांवरून खोडताय? कुणाचं घर हे?"

संशोधनात ज्यांच्यावर लिहायचं त्यांचं घर ओळखू द्यायचं नसतं, हा नियम मला पाठ होता.

"आमचं, सर. मालकीण बाहेर बसलीय."

आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा त्याच पानाकडे बघितलं. "हे प्रकरण काढू नका," म्हणाले. "पास आहात. त्यांनाही आत बोलवा."

आई आली. समोर तीन प्राध्यापक, मध्ये एक रिकामी खुर्ची. कुणी 'बसा' म्हणायच्या आत आईनं ती खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.