एका गुडघ्याला घेऊन कवठे महांकाळकडे

जाऊ नये, असं मला आठवडाभर वाटत होतं. माझी चुलत बहीण सोनाली कुस्ती खेळते. सरावात तिचा गुडघा मुरगळला. सूज उतरली, पण जिना उतरताना तो मधेच सटकायचा. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. त्याआधीच कवठे महांकाळजवळच्या एका गावच्या जत्रेत तिच्या कुस्तीची जोड ठरली, हँडबिलं वाटून झाली. छापलेलं नाव मैदानात उतरलं नाही की आमच्याकडे सगळ्या घराला ऐकून घ्यावं लागतं.

"तू फिजिओ हायस न्हवं? मग ती निळी पट्टी लाव आन् चल," सोनालीचे वडील म्हणाले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. फौजेतून रिटायर झालेत, बोलणं अजून हुकमाचंच.

ही लवचिक पट्टी कातडीला चिकटते, स्नायूला हलकी ओढ देते, दुखणं थोडं कमी वाटतं. आत लिगामेंट फाटलं असेल तर ते मात्र ती धरून ठेवत नाही. मला भीती होती ती हीच. दुखलं नाही की माणूस जपत नाही.

रहिमतपूरहून पहाटे गाडीने निघालो. पुसेसावळी, विटा, तासगाव असा रस्ता. एसटीने जाणार असाल तर विट्याला गाडी बदलायची तयारी ठेवा. विट्याच्या स्टँडजवळ पोहे-चहा स्वस्त आणि गरम मिळतो. मी मात्र नुसता चहा घेतला. तासगावपुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बेदाणा वाळवायची हिरव्या जाळीची शेडं सुरू होतात. एरवी मी उतरून फोटो काढले असते. त्या दिवशी माझं लक्ष फक्त खड्ड्यांकडे होतं. प्रत्येक दणक्याला मी मागे वळून सोनालीचा पाय बघायचे.

"आक्का, रस्त्यालाच पट्टी लाव की एक," ती म्हणाली.

मणेराजुरीच्या अलीकडे एका ढाब्यावर पट्टी लावायला बसलो तर ती चिकटेना. निघताना काकूने लेकीचे दोन्ही गुडघे मायेने तेल लावून चोळले होते! ढाब्याच्या नळावर साबणाने दोनदा धुतले, कोरडे केले. तुम्हालाही कधी लावायची वेळ आली तर कातडीला तेल नको, पट्टीचे कोपरे गोल कापा, टोकं ताणू नका, लावल्यावर तळहाताने घासून ऊब द्या. खाज सुटली तर लगेच काढा. आणि माझं हे वाचून कुणी दुखऱ्या गुडघ्याने मैदानात उतरू नका.

जत्रेच्या गावात मुलींना कपडे बदलायला शाळेचा एक वर्ग दिला होता. तिथेच सोनालीची जोडीदार, म्हणजे तिच्याशी लढणारी मुलगी, भेटली. तेजू, माण तालुक्याकडची, घरची मेंढरं, सोबत फक्त आई. तिने सोनालीचा गुडघा पाहिला आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"ताई, माज्या खांद्याला बी लावा की. आमच्यात कोन न्हाई असलं करनारं."

मी सोनालीकडे पाहिलं. "लाव की, त्यात काय," ती म्हणाली आणि हलगी बघायला बाहेर गेली.

मी हात लावला. हात वर करून फिरवला की खांद्याचा गोळा माझ्या अंगठ्याखाली पुढे सरकत होता.

"तेजू, हे पट्टीचं काम नाही. दाखवून घे."

"घेते की. पर आज लावा."

लावली. वरून टी-शर्ट आला, पट्टी झाकली गेली. सोनालीचा गुडघा मात्र सगळ्या गावाला दिसणार होता.

दाराबाहेर अण्णा आतलं ऐकत उभेच. "कुटला खांदा गं?"

"अण्णा, नको."

"आगं, दुश्मनाची खबर हातात हाय आन् नको म्हनतीस? सोनाली आपली पोरगी हाय!"

माझे वडील तालमीत मालीश करायचे. हात कसा लावायचा हे मी कॉलेजच्या आधी त्यांच्याकडून शिकले. अंगाला हात लावला की त्या अंगाची गोष्ट पोटात ठेवायची, हेही तेव्हाच. मी मान हलवून नाही म्हटलं.

कुस्तीआधी दोघींना मैदानातून फिरवलं. हलगी कडकडत होती आणि कडेने ओरडा सुरू झाला, "निळा गुडगा धर गं! निळा गुडगा!" माझ्याच हाताने मी तो दाखवून ठेवला होता.

तेजूने तोच धरला. त्यात काही गैर नव्हतं, कुस्तीच ती. सोनाली एकदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. घामाने आणि मातीने पट्टी उलगडून लोंबायला लागली. तिसऱ्यांदा गुडघा आत वळला, ती कळवळली आणि पाठीवर गेली. लगेच उठली नाही. तेजूने तिला उठवायला एक हात पुढे केला, मग तो झटकन मागे घेऊन दुसरा दिला.

परतीच्या वाटेवर सोनाली म्हणाली, "आक्का, तिचा खांदा गेलाय व्हय? तुला म्हाईत हुतं?"

"हो."

अण्णा अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

एमआरआयमध्ये लिगामेंट अर्धवट फाटलेलं निघालं. ते आधीचं की त्या दिवशीचं, डॉक्टरांना सांगता आलं नाही. मी रात्री दोन्ही शक्यता उलटसुलट करत पडते. मी नको म्हटलं असतं तर अण्णांनी दुसऱ्या कुणाकडून पट्टी लावून घेतली असती, हे खरं. पण लावली मीच.

सोनाली आता व्यायामाला रोज माझ्याकडे येते. परवा गुडघ्यावर बर्फ ठेवताना म्हणाली, "आता तरी सांग, कुटला खांदा?"

"नाही."

तिने बर्फ गुडघ्यावर नीट सरकवला. "बरं. मग माजा गुडगा बी कुनाला सांगू नगंस. मला परत उतरायचं हाय."

म्हणून दोघींना विचारून, नावं बदलून हे लिहिते आहे. डावा की उजवा, ते मात्र दोघींचंही लिहिलेलं नाही.