आठवडा विकणे आहे

जगात देवाने जे जे म्हणून निर्माण केलं, त्यातली एकही वस्तू माझ्या थोरल्या साडूंनी पहिल्या तपासणीत पास केलेली नाही. उरवड्याच्या एका कारखान्यात ते माल तपासायला होते. यंत्रातून सुटे भाग यायचे, साडू एकेक उचलून उजेडाकडे धरायचे, मान हलवायचे आणि लाल पेटीत टाकायचे. कारखाना संध्याकाळी सुटायचा, पण ती लाल पेटी साडू डोक्यात घालून सूसला घरी आणत. मग इडली एका बाजूने बसकी निघे, शेजाऱ्यांच्या गणपतीची सोंड दोन सूत सरकलेली निघे आणि नव्या जावयाचा भांग चुकीच्या बाजूला निघे. माझ्या लग्नात पहिली पंगत उठल्यावर सासऱ्यांनी भीतभीत विचारलं, “जिलबी कशी झालीय?” साडू म्हणाले, “उत्तम. आकार सोडला तर.” पुढे मी सूसलाच त्यांच्या सोसायटीत घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला लोकांनी भेटवस्तू आणल्या, साडूंनी खिशातून एक गोटी आणली. ती त्यांनी हॉलच्या मधोमध ठेवली. गोटी क्षणभर विचारात पडली आणि मग खिडकीकडे चालू लागली. “धाकटे,” साडू मला म्हणाले, “तुमचं घर बाणेरकडे निघालंय.”

असा माणूस फसतो कसा, हा प्रश्न आमच्या घरात दहा वर्षं चघळला गेला. अठ्ठ्याण्णव साली साडूंना एका हॉटेलात जेवणाचं आमंत्रण आलं. जेवण फुकट, वर एक इस्त्री फुकट, फक्त दोन तास एका योजनेची माहिती ऐकायची. मुळशीच्या धरणाकाठी कॉटेजेस बांधली होती. एकदाच पैसे भरायचे आणि मग पंचवीस वर्षं दरवर्षी एक आठवडा त्यातल्या एका कॉटेजचे आपण मालक. बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांचे मालक दुसरे. याला टाइमशेअर म्हणतात, असं तिथल्या एका टाय लावलेल्या मुलीने सांगितलं. साडूंनी तिला एकूण चाळीस प्रश्न विचारले. दुसरी कुणी असती तर रडली असती. ही म्हणाली, “सर, इतका चौकस माणूस आम्हाला आज पहिल्यांदा भेटला.” आयुष्यात साडूंना असं कुणी म्हटलं नव्हतं. कारखान्यात जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही. साडूंनी करारनामा मागवला, खिशातलं लाल पेन काढलं, व्याकरणाच्या चौदा चुका दुरुस्त केल्या आणि विजयी मुद्रेने खाली सही ठोकली. आपल्याला आठवडा कुठला मिळालाय, तेवढं मात्र वाचायचं राहिलं.

मिळाला होता वर्षाचा अकरावा आठवडा. म्हणजे मार्चचा मध्य, म्हणजे दहावीची परीक्षा. आणि आमची अक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. वर्षात एरवी कधीही तिला रजा मिळाली असती. एखाद वेळी गुरुजींचं शिष्टमंडळ मुख्यमंत्र्यांकडे नेऊन दिवाळीची सुट्टी वाढवून घेता आली असती. पण मार्चच्या त्या आठवड्यात ती वर्गात सुपरव्हिजन करत उभी असे, मुलांच्या बाह्यांमधल्या चिठ्ठ्या काढत. दरवर्षी साडू आठवडा बदलून मिळावा म्हणून अर्ज करत आणि दरवर्षी ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’ असं उत्तर येई. त्यातही साडू शुद्धलेखनाच्या चुका काढून उत्तराला उत्तर पाठवत. अक्का म्हणे, “मला पाण्याकाठी बसायचंय हो. कागदाकाठी नाही.” मग सहाव्या की सातव्या वर्षी तिने आशा सोडली आणि म्हणाली, “विकून टाका.”

इथून खरी करमणूक सुरू झाली. जन्मभर माल नाकारलेला माणूस माल विकायला बसला. पहिली जाहिरात त्यांनी स्वतःच लिहून पेपरात दिली: ‘मुळशी येथील एक आठवडा विकणे आहे.’ पहिला फोन आला तो आठवडे बाजारात भाजीचा गाळा मिळेल का, असं विचारणारा. दुसऱ्याने विचारलं, आठवडा म्हणजे गुंठे किती? मग पुण्यातल्या एका एजन्सीच्या बाईंचा फोन आला. ‘तुमच्या आठवड्याला दुबईचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी नोंदणीची फी भरा.’ साडू म्हणाले, “गिऱ्हाईक तयार आहे ना? मग फी त्याच्याकडून घ्या आणि उरलेले मला द्या.” पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. हे मात्र साडूंनी शंभर टक्के बरोबर केलं, पण आम्ही त्यांना तसं म्हटलं नाही. सवय नव्हती.

खरंखुरं गिऱ्हाईक म्हणून आलं ते महाळुंग्याचं एक जोडपं. दोघंही आयटीतली, मूळची लातूरकडची, नवीन लग्न, नवीन फ्लॅट, नवीन गाडी. माझी गाडी पुढे, त्यांची मागे, असे आम्ही पिरंगुट, पौड करत धरणाकाठी पोचलो. पाणी निळंशार होतं, वारा सुटला होता, मुलगी “वॉव” म्हणाली. तेवढ्यात साडू कॉटेजची फरशी बुटाच्या टाचेने ठोकायला लागले. “इथे पोकळ आहे. ऐका. ऐकलंत? आता इथे ऐका.” मग त्यांनी नळ सोडला. “सात ते साडेसात गरम पाणी येतं. त्यानंतर पाणी येतं, पण गरम येत नाही.” मुलगा समजूतदार होता. त्याने विचारलं, “अंकल, पण वीक एक्स्चेंज होतो ना? म्हणजे ॲक्च्युअली आम्हाला डिसेंबर प्रेफर आहे.” “होतो,” साडू म्हणाले, “मी नऊ वर्षं अर्ज करतोय.” परतताना त्यांची गाडी आमच्या मागे पौडपर्यंत होती. नंतर दिसली नाही. मी जरा चिडूनच म्हणालो, “अहो दादा, विकायचं होतं ना तुम्हाला?” ते दुखावले. “धाकटे, सदोष माल मी दारातून बाहेर जाऊ देत नाही. आजवर दिला नाही.”

असे आणखी तीन ग्राहक साडूंनी यशस्वीपणे परतवले. त्यांची कीर्ती रिसॉर्टच्या वॉचमनपर्यंत पोचली. ते दिसले की तो गेट उघडतानाच हसायचा. त्याच्याच गावची एक बाई एके दिवशी एसटीने सूसला आली आणि विचारत विचारत साडूंच्या दारात उभी राहिली. साठीची असेल, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी. मी तिथेच चहा पीत होतो.

“आठवडा इकनारं सायेब तुमीच का?” तिने विचारलं.

“मीच. पण आधी सांगतो, मार्चातला आहे.”

“व्हय, वॉचमन म्हनला. आमाला मार्चातलाच पायजे. तवा रानात काय काम नसतंय.”

साडू चक्रावले. तिने पाणी पिऊन सावकाश सांगितलं, ते असं. जिथे ती कॉटेजेस उभी आहेत तिथे तिचं घर आणि खाचरं होती. दिरांनी जमीन रिसॉर्टवाल्यांना दिली, तिच्या नवऱ्याने अंगठा केला, पैसे आले, गावात पक्कं घर झालं. नवरा गेल्यावर तिने घरातल्या खोल्या कारखान्यातल्या पोरांना भाड्याने दिल्या, एक स्वतःला ठेवली. चार लेकी लांब लांब दिलेल्या. माहेराला आल्या की त्या एका खोलीत मावत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत जातात. “चौघी एका वक्ताला आल्याच न्हाईत आठ वर्सं,” ती म्हणाली. “ज्या जाग्याव जल्मल्या तितं सात दिस तरी ऱ्हात्याल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला कॉटेज दाखवायला नेलं. साडूंचा धर्म सुटला नाही. फरशी पोकळ असल्याचं त्यांनी ठोकून दाखवलं. बाई म्हणाली, “असनारच. हितं आमची हीर हुती. बुजवलीया, पर नीट न्हाई बुजवली.” पावसाळ्यात मागच्या उताराचं पाणी भिंतीकडे येतं, असं साडूंनी सांगितलं. “यायचंच,” ती म्हणाली, “पानी तिकडनंच यायाचं. तुमच्या इंजिनेराला इचारायचं सुदरलं न्हाई कुनाला.” साडू एकेक दोष काढत होते आणि ती प्रत्येक दोषाचा जन्म सांगत होती. तासाभराने साडूंजवळचे दोष संपले. हे मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. ते तिला म्हणाले, “मावशी, आठवडा तुमचा.” किंमत त्यांनी स्वतःहून खाली आणली. ती म्हणाली, “लई कमी करू नगा, लेकी इचारत्यात किती दिलं म्हनून.”

त्या आनंदात आमच्या घरी चहा झाला. माझी बायको म्हणाली, “सुटलात एकदाचे.” अक्का कपात चमचा फिरवत होती. ती सहज म्हणाली, “जानेवारीअखेर मी रिटायर होतेय. येत्या मार्चात मला पहिल्यांदाच सुपरव्हिजन नाही.” मग तिने चमचा बशीत ठेवला आणि विषय बदलून माझ्या मुलाच्या मराठीकडे वळवला. गणपतीच्या सोंडेतले दोन सूत ज्याला दिसतात, त्या माणसाला बायकोच्या निवृत्तीचं वर्ष दिसलं नव्हतं. साडूंचा चेहरा मला बघवेना. बिस्किटांचा अख्खा पुडा समोर होता, त्यातल्या एकाही बिस्किटाबद्दल ते काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी मला गाडी काढायला लावली. सौदा मोडायचा, असं ठरवून निघाले होते. वाटेत तीन वेळा त्यांनी माझ्यासमोर वाक्याची तालीम केली. मी गाडीत थांबलो, ते बाईंच्या अंगणात गेले. बाईंनी ओट्यावर नव्या चादरी वाळत घातल्या होत्या, चौघींसाठी चार. साडूंना पाहून त्यांनी विचारलेलं मला गाडीत ऐकू आलं, “बरं झालं आलासा. तितं चूल पेटवू देत्यात का?” थोड्या वेळाने साडू गाडीत येऊन बसले.

“काय झालं?”

“चुलीला परवानगी नाही, तेवढं सांगून आलो,” ते म्हणाले.

नाव बदलण्याचे कागद रिसॉर्टच्या कचेरीत इतक्या सावकाश फिरले, की मार्च आला तरी आठवडा साडूंच्याच नावावर होता. मॅनेजरने कळवलं, ‘पाहुण्यांना आत सोडायचं तर मूळ मालकाने पत्नीसह येऊन सही केली पाहिजे.’ अशा रीतीने साडू आणि अक्का दहा वर्षांनी आपल्या आठवड्याला हजर झाले, दुसऱ्यांना आत सोडण्यासाठी. गाडी अर्थात माझी. बाई आणि चारी लेकी गेटवर टोपल्या, गाठोडी घेऊन उभ्याच होत्या. सह्या झाल्या. लेकी कॉटेजभर फिरून भांडायला लागल्या, कुठली चूल कुठे होती यावरून. अक्का व्हरांड्यात जाऊन कठड्याला टेकली आणि पाण्याकडे बघत राहिली. कुणी तिला हाक मारली नाही. खूप वेळाने साडू घड्याळ बघत म्हणाले, “निघू या.”

तेव्हा बाई अक्काजवळ गेली. “बाई, ऱ्हावा की तुमी बी.”

“छे हो, तुमच्या माहेरपणात मी कुठे?”

“बोर्डावर लिवलंय, सहा मानसं. आमी पाच हाय. एक जागा फुकट जाती.”

अक्काने साडूंकडे पाहिलं. साडू दाराआड लावलेल्या नियमांच्या पाटीपाशी गेले, चष्मा लावला, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, परत एकदा वाचली. “नियमात बसतं,” ते म्हणाले.

आम्ही दोघंच परतलो. पौडला ते म्हणाले, “तिने रात्रीच्या गोळ्या आणल्या नाहीत.” सूस येता येता म्हणाले, “शालही नाही.” दुसऱ्या दिवशी गोळ्या, शाल आणि दोन साड्या घेऊन ते स्कूटरवरून मुळशीला गेले. वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही. कॉटेजची सहा माणसं पुरी झाली होती आणि साडूंनीच त्याला कधीतरी नियमावर बरंच ऐकवलं होतं. अक्का गेटपर्यंत आली. तिसऱ्या दिवशी ते वाचायचा चष्मा घेऊन गेले, चौथ्या दिवशी पेपर. पाचव्या दिवशी काय नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. रोज गेटबाहेरच्या दगडी कट्ट्यावर दोघं बसत, आत लेकींच्या हसण्याचा गलका चाले, आणि मग साडू स्कूटरला किक मारून पस्तीस किलोमीटर परत येत.

सहाव्या दिवशी मी त्यांना विचारलं, “इतकं काय बोलता रोज?”

“ती सांगते,” ते म्हणाले. “काल रात्री त्या पाचजणींनी हिला ओव्या शिकवल्या. मी ऐकतो.”

अक्काला आणायला मी गाडी देऊ केली, तर नको म्हणाले. आपल्याच स्कूटरवर ते तिला घेऊन आले, ती मागे बसलेली, मांडीवर बाईंनी दिलेली तांदळाची पिशवी. दोघांचेही चेहरे उन्हाने रापले होते. अक्का वर गेल्यावर मी स्कूटरपाशी थांबून हळूच म्हणालो, “दादा, विकल्याचं वाईट वाटतं का हो?”

साडूंनी हेल्मेट पुसून उजेडाकडे धरलं.

“वाटतं,” ते म्हणाले. “पण गिऱ्हाईक चांगलं मिळालं.”